दारावर नोटीस लागली म्हणून सामान बांधू नका: अमेरिकेतल्या सबसिडीच्या घरात टिकून राहण्याच्या पायऱ्या

मध्य न्यू जर्सीतल्या एका सीनियर बिल्डिंगमध्ये मी शनिवारी सकाळी लोकांची पत्रं वाचून द्यायला बसतो. मागच्या हिवाळ्यात एक काकू मॅनेजमेंटचं तीन पानी पत्र घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर वर गेलो तर हॉलमध्ये खोकी रचलेली. एकावर स्केचपेननं "मसाले", दुसऱ्यावर "देव". बिल्डिंगच्या मालकाचा सरकारशी असलेला सेक्शन ८ चा करार (कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंच्या भाड्याचा काही भाग सरकार भरतं ती योजना) वर्षभरात संपतोय, असं पत्रात होतं. काकूंनी त्याचा अर्थ घेतला, वर्षभरात घर खाली करा. मुलानंही दुसऱ्या राज्यातून फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, उगाच वाट कशाला बघतेस, ये इकडे."

त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की करार संपलाच, तर पात्र भाडेकरूंना केंद्राकडून व्हाउचर (भाड्यातला सरकारी वाटा भरणारं, भाडेकरूच्या नावाचं मंजुरीपत्र) मिळेल आणि ते आत्ता राहतात त्याच घरासाठीही वापरता येईल. पण करार संपेल त्या दिवशी त्या घरात राहत असाल तरच. काकू आधीच निघून गेल्या असत्या तर हा हक्क त्यांनी स्वतःच्या पायानं चालत जाऊन सोडला असता.

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. आईवडील अशा घरात राहतात आणि कागद मुलं-सुना बघतात, अशा घरांनी विशेष वाचावं. मी वकील नाही. पायरी सहाला पोचलात तर वकील लागेलच, तो फुकट कसा मिळतो तेही तिथे लिहिलंय.

## पायरी १: तुमचं घर नेमकं कुठल्या योजनेतलं आहे, ते आधी ठरवा

आपल्याकडे सगळ्यालाच "सेक्शन एट" किंवा "लो इन्कम" म्हणायची सवय आहे. घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण प्रत्येक योजनेत राहण्याचा हक्क वेगळा आहे. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मावशींनी सांगितलेला नियम तुम्हाला लागू असेलच असं नाही.

बिल्डिंगला जोडलेलं सेक्शन ८. सबसिडी घराला चिकटलेली असते. मालक खाजगी (किंवा चर्चसारखी संस्था), पैसे हडचे. हड म्हणजे केंद्राचं गृहनिर्माण खातं. तुम्ही साधारणपणे वजावटीनंतरच्या उत्पन्नाच्या ३० टक्के भरता. ज्येष्ठांसाठीच्या सेक्शन २०२ च्या पुष्कळ बिल्डिंगांतही अशीच व्यवस्था असते. हा लेख मुख्यतः याच घरांसाठी आहे.

हातातलं व्हाउचर. हे तुमच्या नावावर असतं, घर तुम्ही बाजारात शोधलेलं. लीजची मुदत चालू असताना मालक सबळ कारणाशिवाय काढू शकत नाही. मुदत संपल्यावर मात्र केंद्राचा कायदा फारसा मदतीला येत नाही, राज्याचा कायदा बघावा लागतो. न्यू जर्सीत १९७४ चा अँटी-एव्हिक्शन कायदा आहे. बहुतेक भाडेकरूंना ठरावीक कारणांशिवाय काढता येत नाही. मालक स्वतः राहत असलेली दोन-तीन कुटुंबांची घरं मात्र त्यातून वगळलेली आहेत.

पब्लिक हाऊसिंग. इथे मालक स्थानिक हाऊसिंग अथॉरिटी, म्हणजे सरकारी गृहसंस्था. काढण्याला सबळ कारण लागतं आणि बहुतेक वादांत कोर्टाआधी ग्रीव्हन्स (तक्रारीची) सुनावणी मागता येते. ही घरं रॅड नावाच्या योजनेखाली सेक्शन ८ कडे वळवली जात असतील, तर रहिवाशांना परत येण्याचा हक्क असतो आणि नव्यानं छाननी करून कोणाला गाळता येत नाही.

टॅक्स क्रेडिटची बिल्डिंग. मालकानं करसवलत घेऊन बांधलेली. इथे भाडं तुमच्या उत्पन्नावर ठरत नाही, भागाच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नावर ठरतं. सबळ कारणाशिवाय काढता येत नाही, पण पुढे सांगितलेलं खास व्हाउचर केवळ टॅक्स क्रेडिटमुळे मिळत नाही. फोरक्लोजर (कर्ज थकल्यानं जप्ती) किंवा क्वालिफाइड कॉन्ट्रॅक्टमुळे (मालकाला योजनेतून लवकर बाहेर पडू देणारी तरतूद) भाड्याचं बंधन मध्येच सुटलं, तर त्यानंतर ३ वर्षं जुन्या भाडेकरूंना कारणाशिवाय काढायला आणि भाडं मर्यादेबाहेर वाढवायला मनाई असते.

एकाच बिल्डिंगवर दोन योजना असणं नेहमीचं आहे, सेक्शन ८ आणि टॅक्स क्रेडिट दोन्ही. तेव्हा एक सापडली की शोध थांबवू नका.

कसं ओळखायचं? दरवर्षी ऑफिसात सही करता त्या कागदांत "हड ५००५९" असा फॉर्म नंबर दिसला, तर घर हडच्या बिल्डिंग-सबसिडीतलं आहे. हाऊसिंग अथॉरिटीचं पत्र येत असेल तर व्हाउचर किंवा पब्लिक हाऊसिंग. काहीच कळलं नाही तर ऑफिसला लेखी विचारा, "माझ्या युनिटला कुठली सबसिडी आहे आणि करार कधी संपतो?" तोंडी विचारलंत तर काउंटरवरची मुलगी "इट्स अफोर्डेबल" एवढंच सांगते.

तपासा: योजनेचं नाव आणि कराराची तारीख एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलीत का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: फाईल करा

जाड प्लास्टिकची एक फाईल घ्या. पासपोर्ट आणि ओसीआयच्या पाकिटात हे कागद मिसळू नका.

फाईलमध्ये मूळ लीज आणि नंतरच्या सगळ्या पुरवण्या हव्यात. घराचे नियम, म्हणजे हाऊस रूल्सही हवेत. ती पुस्तिका बहुतेकांनी पहिल्याच दिवशी टाकून दिलेली असते. ऑफिसकडून परत मागून घ्या. मागच्या ३ वर्षांचे ५००५९ फॉर्म, भाड्याच्या पावत्या किंवा वटवलेल्या चेकच्या प्रती, आलेलं प्रत्येक पत्र आणि त्याचं पाकीट. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पुढे कधीतरी "नोटीस कधी मिळाली" या वादात लाखमोलाचा ठरतो.

भाडं रोख देऊ नका. चेक किंवा मनी ऑर्डर, आणि मनी ऑर्डरची काउंटरफॉइल फाईलमध्ये. ऑफिसनं भाडं घ्यायला नकार दिला तर ते पैसे खर्च करू नका. सर्टिफाइड मेलनं पाठवा, परत आलं तर पाकीट न फोडता ठेवा आणि रक्कम बाजूला काढून ठेवा. "ते घेतच नव्हते" म्हणून ते पैसे भाचीच्या लग्नात घालवलेले एक काका पुढे तीन महिन्यांचं भाडं एकदम भरताना फार अडचणीत आले.

तपासा: लीजवर आणि ५००५९ वर घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव आहे का? शेवटच्या पायरीत हे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

## पायरी ३: नोटीस कुठली आहे ते ओळखा

सगळ्या नोटिसा सारख्याच दिसतात: मॅनेजमेंटचं लेटरहेड, ठळक अक्षरं, दाराला टेप. आतला मजकूर मात्र चार प्रकारांपैकी एक असतो.

(अ) करार संपण्याची एक वर्षाची नोटीस. सेक्शन ८ चा करार संपण्याच्या किमान १ वर्ष आधी मालकानं भाडेकरूंना आणि हडला लेखी कळवावं लागतं. नूतनीकरण करायचं ठरलेलं असलं तरी ही नोटीस द्यावी लागते. म्हणून आधी बघायचं ते हे की मालक "रिन्यू करण्याचा इरादा आहे" म्हणतोय की "रिन्यू करणार नाही". पहिलं असेल तर कागद फाईलला लावा आणि चहा घ्या. दुसरं असेल तर पायरी ५ ची तयारी आत्तापासून.

नोटीस दिलीच नाही, किंवा वर्षापेक्षा कमी मुदतीची दिली, तर रीतसर नोटीस देऊन पूर्ण १ वर्ष उलटेपर्यंत मालकाला भाडेकरूंना काढता येत नाही आणि त्यांचा भाड्यातला वाटाही वाढवता येत नाही. हे कायद्यात स्पष्ट आहे. तरीही "नोटीस उशिरा आली, आता काय" म्हणून घाईघाईनं निघून गेलेले लोक मला भेटले आहेत. उशीर मालकाचा, आणि घर यांनी सोडलं.

(आ) कर्ज मुदतीआधी फेडण्याची नोटीस. हडच्या मदतीच्या काही जुन्या गृहकर्जांसोबत भाड्याची बंधनं येतात. मालक कर्ज लवकर फेडून ती सोडवू शकतो. त्यासाठी किमान १५० आणि जास्तीत जास्त २७० दिवस आधी भाडेकरूंना कळवावं लागतं, आणि फेडल्यानंतर ६० दिवस भाडं वाढवता येत नाही.

(इ) तुमची टेनन्सी, म्हणजे भाडेकरू म्हणून राहणं, संपवण्याची नोटीस. ही तुमच्या एकट्याच्या नावानं येते. थेट पायरी ६ उघडा, आजच.

(ई) रिसर्टिफिकेशनची, म्हणजे उत्पन्नाच्या वार्षिक फेरतपासणीची आठवण. सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारी हीच. आणि माझ्या अनुभवात जास्तीत जास्त घरं हिच्यामुळेच धोक्यात येतात.

काही राज्यांत याहून जास्त मुदत मिळते. कॅलिफोर्नियात बंधनं सुटण्याच्या ३ वर्षं, १ वर्ष आणि ६ महिने आधी अशा तीन नोटिसा द्याव्या लागतात. बे एरियात आईवडील असतील तर तिन्हींच्या तारखा ताडून बघा.

सावधान: नोटिशीसोबत कधी कधी एखादा फॉर्म जोडलेला येतो, "मी स्वेच्छेनं घर सोडणार आहे" अशा अर्थाचा. सोबत मूव्हिंगसाठी पैशांची ऑफरही असते. वाचून न घेता सही करू नका. सही झाली की पुढचं सगळं अवघड होतं.

## पायरी ४: मधल्या काळात स्वतःहून हक्क गमावू नका

नोटिशीपासून करार संपेपर्यंतच्या वर्षात मालकाला फारसं काही करावं लागत नाही. चुका आपल्याच होतात. म्हणून या पायरीवर जरा रेंगाळतो.

रिसर्टिफिकेशन. दरवर्षी उत्पन्न आणि कुटुंबाची माहिती नव्यानं द्यावी लागते. ऑफिसकडून साधारण १२०, ९० आणि ६० दिवस आधी आठवणी येतात. कागद देण्याची खरी कडेलोटाची तारीख असते तुमच्या रिसर्टिफिकेशनच्या वर्षातल्या अकराव्या महिन्याची १० तारीख. उदाहरणार्थ, तुमचं वर्ष १ फेब्रुवारीला सुरू होत असेल तर १० डिसेंबर. त्यानंतर गेलात तर भाडं वाढायचं असल्यास ३० दिवसांची पूर्वसूचना मिळण्याचा हक्क जातो. गेलाच नाहीत तर सबसिडी थांबून पूर्ण बाजारभावाचं भाडं लागू शकतं. आणि १० डिसेंबरला आपले निम्मे आजी-आजोबा पुण्यात किंवा सांगलीत असतात.

भारतवारी. ही आपल्या लोकांची खास अडचण. हडच्या हस्तपुस्तिकेनुसार बिल्डिंग-सबसिडीच्या घरात सलग ६० दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी (आजारपणामुळे असेल तर १८० दिवसांपेक्षा जास्त) ही दीर्घ गैरहजेरी धरता येते आणि हाऊस रूल्समध्ये तसं लिहिलेलं असलं तर टेनन्सी धोक्यात येते. हातातल्या व्हाउचरला १८० सलग दिवसांची कमाल मर्यादा आहे, आणि हाऊसिंग अथॉरिटी त्याहून कमीही ठरवू शकते. एसएसआय (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना आणि अपंगांना मिळणारी केंद्राची मासिक मदत) मिळत असेल तर सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलात की तेही थांबतं.

म्हणून क्रम असा ठेवा: तिकीट काढण्याआधी हाऊस रूल्समधली दिवसांची मर्यादा वाचा, रिसर्टिफिकेशनची तारीख बघा, मग तारखा ठरवा. जाण्याआधी ऑफिसला ईमेल करा, परतीच्या तिकिटाची प्रत जोडा. तिकडे आजारी पडलात तर तिथल्या डॉक्टरचं इंग्रजीतलं पत्र तातडीनं पाठवा. आणि "घर रिकामं नको" म्हणून भाच्याला तीन महिने राहायला देऊ नका. तो पोटभाडेकरू ठरतो, आणि ते लीजच्या विरुद्ध आहे.

भारतातलं उत्पन्न. पेन्शन, एफडीचं व्याज, नाशिकच्या फ्लॅटचं भाडं, मुलगा दरमहा पाठवतो ती रक्कम, हे सगळं सांगावं लागतं. "त्यांना कुठे कळणार" हे वाक्य मी दर शनिवारी ऐकतो. कळतं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बाहेरून आलेली रक्कम दिसते, आणि एकदा खोटी माहिती दिल्याचा ठपका आला की या लेखातला एकही हक्क कामाला येत नाही. उलट ज्येष्ठांच्या घराला मिळणारी ठरावीक वजावट आणि मर्यादेपलीकडच्या औषधपाण्याच्या खर्चाची वजावट लोक मागतच नाहीत. खरं सांगून, पावत्या जोडून, भाडं पुष्कळदा होतं त्याहून कमी होतं.

उत्पन्न मध्येच घटलं, म्हणजे नोकरी गेली किंवा जोडीदार गेला, तर वर्षाची वाट बघू नका. इंटरिम (मधलं) रिसर्टिफिकेशन लेखी मागा.

स्मोक डिटेक्टर. हसू नका. फोडणीच्या धुरानं वाजतो म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली किंवा सेल काढून ठेवलेले, असं निम्म्या मराठी स्वयंपाकघरांत दिसतं. तपासणीत ते थेट सुरक्षेचं उल्लंघन ठरतं. असे दोन-तीन ठपके फाईलला लागले की "वारंवार किरकोळ उल्लंघन" हे काढण्याचं कारण उभं राहतं. एक्झॉस्ट चालत नसेल तर दुरुस्तीची लेखी विनंती करा. पिशवी आजच काढा.

तपासा: येत्या १२ महिन्यांच्या कॅलेंडरवर तीन तारखा लाल पेनानं: करार संपण्याची, रिसर्टिफिकेशनची, आणि परतीच्या विमानाची.

## पायरी ५: करार खरंच संपतोय, तर एन्हान्स्ड व्हाउचर घ्या

मालकानं रिन्यू केलं नाही किंवा बंधनवालं कर्ज फेडलं, तर त्या दिवशी तिथे राहणाऱ्या पात्र भाडेकरूंना एन्हान्स्ड (वर्धित) व्हाउचर मिळतं. त्याची ताकद दोन गोष्टींत आहे. एक, भाडेकरू त्याच प्रकल्पात राहायचं ठरवू शकतो. म्हणजे घर भाड्याची घरं म्हणून चालू असेपर्यंत मालकाला हे व्हाउचर नाकारता येत नाही, आणि सबळ कारणाशिवाय काढताही येत नाही. वॉशिंग्टन डीसीतल्या प्रकरणात २००८ साली आणि ओकलंडच्या प्रकरणात २०११ साली केंद्रीय अपील कोर्टांनी हेच म्हटलं आहे. दोन, नवं भाडं हाऊसिंग अथॉरिटीच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त असलं तरी, ते बाजाराच्या मानानं वाजवी असेल तर वरचा फरक व्हाउचर भरतं.

आकड्यांत बघा. समजा नवं भाडं २,२०० डॉलर आणि अथॉरिटीची मर्यादा १,९००. साध्या व्हाउचरवर वरचे ३०० तुमच्या खिशातून. एन्हान्स्डवर ते ३०० सुद्धा व्हाउचरमधून. तुमचा वाटा वजावटीनंतरच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आसपास, पण करार संपला त्या दिवशी जे भाडं भरत होतात त्यापेक्षा कमी नाही. एकूण उत्पन्न किमान १५ टक्क्यांनी घटलं, तर ही तळरेषा नव्यानं काढली जाते.

कामाचा क्रम:

१. करार संपण्याच्या काही महिने आधी स्थानिक हाऊसिंग अथॉरिटीचं पत्र येतं, मुलाखतीची तारीख असलेलं. पाकीट अनोळखी दिसतं, जाहिरात समजून लोक फेकतात. पत्रपेटी रोज बघा, प्रवासात असाल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा. चार महिने उरले आणि पत्र नाही, तर अथॉरिटीला स्वतः फोन करा.

२. मुलाखतीला फाईल न्या: उत्पन्नाचे पुरावे, सगळ्यांचे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचे कागद, सोशल सिक्युरिटी कार्ड. घरातल्या एकाचंच स्टेटस पात्र नसेल तर पूर्ण घराला नकार मिळत नाही, मदत त्या प्रमाणात कमी होते. इंग्रजी जड जात असेल तर दुभाषा आधीच लेखी मागा. नातवाला सुट्टी घ्यायला लावू नका, आकड्यांत चूक झाली की तोच ओशाळतो.

३. खोल्यांचा हिशोब. एकटी व्यक्ती दोन बेडरूममध्ये राहत असेल तर अथॉरिटी एका बेडरूमचं व्हाउचर देते. त्याच प्रकल्पात एक बेडरूमचं घर रिकामं असेल तर तिकडे जावं लागतं. रिकामं नसेल तर मिळेपर्यंत आहे त्याच घरात राहता येतं. जोडीदार गेल्यावर दोन बेडरूम धरून बसलेल्यांना हा धक्का बसतो, तेव्हा मनाची तयारी आधी करा.

४. घराची तपासणी. नळ गळतो, खिडकी लागत नाही, हे सगळं आधीच लेखी कळवून दुरुस्त करून घ्या.

५. मालकाशी नवी लीज. आधी वाचा. जुन्या लीजमध्ये नसलेले चार्जेस घातलेत का, पार्किंग वेगळं काढलंय का, ते बघा.

सावधान: व्हाउचर हातात आलं म्हणून लगेच दुसरीकडे जाऊ नका. प्रकल्प सोडला की त्याचं वर्धित रूप संपतं, पुढे ते साधं व्हाउचर उरतं. मुलाजवळ जायचंच असेल तर त्या शहराची मर्यादा किती आणि तिथे व्हाउचर घेणारी घरं आहेत का, हे बघून मग ठरवा. न्यू जर्सीत व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणं बेकायदा आहे, पण सगळ्या राज्यांत असा कायदा नाही.

## पायरी ६: टेनन्सी संपवण्याची नोटीस आली तर

पहिली गोष्ट: नोटीस म्हणजे एव्हिक्शन नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुलूप बदलता येत नाही, सामान बाहेर टाकता येत नाही.

हडच्या बिल्डिंग-सबसिडीत केवळ "लीजची मुदत संपली" हे कारण चालत नाही. लीजचं गंभीर उल्लंघन (भाडं न भरणं यात येतं), राज्याच्या भाडेकायद्याखालचा कसूर, गुन्हेगारी वर्तन, किंवा आधी लेखी समज देऊनही चालू राहिलेलं दुसरं सबळ कारण, यांपैकी काहीतरी लागतं.

नोटीस समोर ठेवून एकेक मुद्दा पडताळा. घर सोडण्याची तारीख आहे का? कारण इतकं स्पष्ट लिहिलंय का, की तुम्हाला बचाव तयार करता येईल? "नियमभंग" एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या दिवशी, काय, ते हवं. तुम्ही राहिलात तर मालकाला फक्त कोर्टातूनच काढता येईल, असं सांगितलंय का? पोस्टानं आली आणि दारावरही मिळाली का? दोन्ही लागतात. यातलं जे नाही त्यावर पेन्सिलनं खूण करा, वकिलाला तेच आधी लागणार आहे.

मग तीन कामं, याच क्रमानं.

नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत मॅनेजमेंटशी बोलण्याची मुभा असते. भेट लेखी मागा आणि एकटे जाऊ नका. भांडण मिटलं तर इथेच मिटतं. थकलेलं भाडं असेल तर हप्त्यांचा लेखी करार मागा. कारण आजारपणाशी किंवा अपंगत्वाशी जोडलेलं असेल, उदाहरणार्थ विस्मरणामुळे रिसर्टिफिकेशन राहिलं, तर "रीझनेबल अकोमोडेशन" हे शब्द वापरून सवलत मागा आणि डॉक्टरचं पत्र जोडा. घरातल्या हिंसाचारामुळे तक्रारी झाल्या असतील तर पीडित व्यक्तीला त्याच कारणानं काढता येत नाही. त्यासाठीचा स्वप्रमाणनाचा फॉर्म, नंबर ५३८२, मालकानं लेखी मागितल्यापासून कामाच्या १४ दिवसांत द्यायचा असतो. पोलीस रिपोर्ट नाही म्हणून गप्प बसू नका.

दुसरं, त्याच आठवड्यात लीगल एडला (फुकट कायदेमदत देणाऱ्या संस्थेला) फोन. २११ फिरवलं की तुमच्या काउंटीतली सेवा कळते. वय ६० किंवा त्याहून जास्त असेल तर ज्येष्ठांसाठीच्या केंद्रीय कायद्याखाली चालणारी फुकट कायदेमदत वेगळी आहे, तीही विचारा. भाडं थकल्याची नोटीस असेल तर २०२० च्या केअर्स कायद्यातल्या ३० दिवसांच्या मुदतीबद्दल वकिलाला हटकून विचारा. राज्याराज्यांतली कोर्टं तिचा अर्थ वेगवेगळा लावतात.

तिसरं, कोर्टाचा कागद आला की तारखेला हजर. तुमची बाजू कितीही खरी असली तरी गैरहजर राहिलात तर निकाल समोरच्याच्या बाजूनं जातो. दुभाषा हवा असेल तर कोर्टाच्या ऑफिसला आधी कळवा, "मराठी" असं स्पष्ट सांगा. नाहीतर हिंदीचा दुभाषा येतो आणि "मी भाडं दिलं होतं" आणि "देणार होते" यातला फरक हवेत विरतो. कोर्टात मालकाला नोटिशीत लिहिलेल्या कारणांवरच उभं राहता येतं, म्हणून ती नोटीस, पाकिटासकट, हातात हवी. कॉरिडॉरमध्ये समोरचा वकील "समझोता" पुढे करतो, त्यात पुष्कळदा घर सोडण्याची तारीख असते. सही आपल्या वकिलानं वाचल्यावर.

व्हाउचरच बंद करण्याची नोटीस हाऊसिंग अथॉरिटीकडून आली असेल तर वाट वेगळी: पत्रात दिलेल्या मुदतीत इन्फॉर्मल हिअरिंग (अनौपचारिक सुनावणी) लेखी मागा, आणि त्याआधी तुमची फाईल बघायला मागा.

## पायरी ७: बिल्डिंगमध्ये एकत्र या

हे शेवटी लिहिलंय, पण पायरी ३ ची नोटीस येताच सुरू करायला हवं. हडच्या नियमांनुसार भाडेकरूंना संघटना करता येते, दारोदार जाता येतं, पत्रकं वाटता येतात, कम्युनिटी रूममध्ये सभा घेता येते, तीही मॅनेजरला बाहेर ठेवून. पत्रक आधी ऑफिसला दाखवण्याची सक्ती नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या सभेला गुजराती, चिनी, स्पॅनिश बोलणाऱ्या आज्या होत्या, मराठी चार. सगळ्यांची नोटीस एकच होती, आणि टेबलावर मांडल्यावर कळलं की तिघींना ती मिळालीच नव्हती. हे एकेकट्यानं कधीच कळलं नसतं. मग सगळ्यांच्या सहीचं एक पत्र मालकाला आणि एक हडच्या विभागीय कार्यालयाला गेलं.

## पायरी ८: मागे कोण राहणार, ते आत्ताच ठरवा

भाडेकरू वारला तर लीजवर आणि ५००५९ वर नाव असलेला कुटुंबीय पुढे राहण्याचा हक्क मागू शकतो. नाव नसेल तर वर्षानुवर्षं सेवा केलेली मुलगीसुद्धा पाहुणी ठरते. आणि आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट: मुलीला "लिव्ह-इन एड" (सोबत राहून सांभाळणारी मदतनीस) म्हणून नोंदवतात, कारण मग तिचं उत्पन्न भाड्यात धरत नाहीत. भाडं वाचतं. पण लिव्ह-इन एडला मागे राहण्याचा हक्क नसतो. आई गेली की तिला घर सोडावं लागतं.

दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. मुलीचं स्वतःचं घर असेल तर लिव्ह-इन एड ठीक. तिचाही आसरा तेच घर असेल, तर भाडं वाढलं तरी चालेल, पण कुटुंबीय म्हणून तिचं नाव घालण्यासाठी मालकाकडे लेखी अर्ज करा. बिल्डिंग फक्त ज्येष्ठांसाठी असेल तर वयाची अट आडवी येते का, ते त्याच पत्रात विचारून घ्या. पुढच्या रिसर्टिफिकेशनला जाल तेव्हा उत्तराची प्रत बरोबर न्या.